फरकाच्या भरवशावर पिकअप घ्यावी का?

प्रश्न: मराठा लाईट इन्फंट्रीतून ऑगस्ट २०२३ अखेर हवालदार म्हणून निवृत्त झालो. गाव खानापूर तालुक्यात, वय ४५. डोंगरातल्या पोस्टिंगवर ड्युटीवर असताना घसरून पडलो, मणक्याला मार बसला. निवृत्तीच्या मेडिकल बोर्डाने ३० टक्के अपंगत्व लिहिलं, पण ‘नोकरीशी संबंध नाही’ असा शेरा मारला, म्हणून अपंगत्व पेन्शन मिळाली नाही. पहिलं अपील फेटाळलं. दुसरं टाकून आठ महिने झाले, उत्तर नाही. शेवटचा पगार एमएसपी (लष्करी सेवा वेतन) धरून ४६,००० होता. अर्धी पेन्शन विकून, म्हणजे तिचे पैसे एकरकमी घेऊन, घर बांधलं, आता हातात २४,००० येतात. सौहार्द पतसोसायटीत ४ लाखांची ठेव आहे. मुलगी यंदा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला गेली. तीच सोसायटी घरावर १४ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी ६ लाख द्यायला तयार आहे. त्यातून पिकअप घेऊन भाजीपाला बेळगावला न्यायचा विचार आहे. एक एजंट सांगतो, अपंगत्व पेन्शनच्या थकबाकीचा ८ लाख फरक मिळवून देतो, ५० हजार आधी द्या आणि फरकातले २५ टक्के नंतर. फरक आला की कर्ज फेडून टाकेन. घेऊ का कर्ज?

उत्तर: हवालदार साहेब, कर्ज घेऊ नका. दावा मात्र सोडू नका. तुम्ही विचारलं कर्जाचं, पण पत्र वाचताना माझी नजर ‘आठ महिने’ या शब्दांवर अडली, म्हणून आधी त्याबद्दल लिहितो.

सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या २००७ च्या कायद्यात तुमच्यासारख्यांसाठी एक वाट ठेवलेली आहे. अपिलावर सहा महिन्यांत निकाल आला नाही, तर खात्याकडचे उपाय संपले असं मानून थेट न्यायाधिकरणात जाता येतं. ते सहा महिने उलटल्यावर अर्ज करायला आणखी सहा महिने मिळतात. तुमचे आठ गेले, म्हणजे हातात चार आहेत. मुदत हुकली तर उशीर माफ करण्याची विनंती करता येते आणि पेन्शनच्या बाबतीत न्यायालयं बरेचदा ती ऐकतात. पण मग जुन्या फरकाला कात्री लागण्याची भीती असते. म्हणून ‘उत्तर आलं की बघू’ म्हणत बसू नका. ऑनलाइन तक्रार टाकली असेल तर चांगलंच, पण तिने ही मुदत थांबत नाही. कर्नाटकातल्या माजी सैनिकांसाठी न्यायाधिकरणाचं खंडपीठ कोचीला आहे.

तुमची बाजू कमकुवत आहे असं मला वाटत नाही. धरमवीर सिंह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये सांगितलं की भरतीच्या वेळी जवान धडधाकट होता आणि कागदावर दुखण्याची नोंद नव्हती, तर ते नोकरीतच जडलं असं धरायचं. तसं नाही हे दाखवण्याची जबाबदारी जवानाची नाही, आणि बोर्डाला शेऱ्यामागचं कारण लिहावं लागतं. तुम्ही तर ड्युटीवर पडलात. त्या वेळचा दुखापत अहवाल, लष्करी रुग्णालयाची डिस्चार्ज स्लिप, मेडिकल बोर्डाची पूर्ण प्रत आणि भरतीच्या वेळची तपासणी, हे चार कागद हातात असतील तर वकिलाचं निम्मं काम झालं. नसतील तर आजच रेकॉर्ड ऑफिसला रजिस्टर पोस्टाने मागणी करा आणि पोचपावती जपा. आणखी एक गोष्ट तुमच्या बाजूने आहे. २१ सप्टेंबर २०२३ पासून अपंगत्व पेन्शनच्या हक्काचे नवे नियम आले. तुम्ही त्याच्या तीन आठवडे आधी बाहेर पडलात, त्यामुळे तुमचा दावा जुन्या नियमांवर तपासला जायला हवा.

आता आकडे. शंभर टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के मिळतात, म्हणजे तुमच्या बाबतीत १३,८००. अपंगत्व ५० टक्क्यांपेक्षा कमी असेल तर ते ५० धरायचं, असा नियम आहे आणि नोकरी पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही तो लागू होतो, हे डिसेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं. म्हणजे महिन्याला ६,९००, वर महागाई दिलासा. ही गोलाई, म्हणजे ३० चे ५० धरणं, मिळाली नाही, तर ४,१४०. दोन वर्षांचा फरक ६,९०० च्या हिशेबाने १,६५,६००. दिलासा धरून तो अडीच लाखांच्या घरात जातो. ८ लाख कुठून आले, हे त्या एजंटाला कागदावर मांडायला सांगा. निकाल आणखी दोन वर्षं लांबला तर रक्कम पाच लाखांच्या आसपास पोचेल, पण तेवढ्या काळात तुम्ही सोसायटीला ३,३५,००० हप्त्यांत भरलेले असतील.

कारण ६ लाखांचा हप्ता बसतो १३,९६० रुपये. पाच वर्षांत व्याजच २,३७,००० च्या वर जातं. पेन्शनच्या २४,००० मधून हप्ता वजा केला की घरात दहा हजार उरतात, त्यात डिझेल, विमा, टायर आणि मुलीचा खर्च. आणि मणका दुखावलेला माणूस पहाटे चारला उठून क्रेट चढवणार, खानापूर ते बेळगाव गाडी हाकणार, हे मला डोळ्यांपुढे आणवत नाही. ड्रायव्हर आणि हमाल ठेवला तर त्यांची मजुरी सुटून तुमच्या हाती काय पडेल? गाडीचा धंदा वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण तारण तुमचं राहतं घर आहे, आणि हप्त्याची तारीख ठरलेली असते, निकालाची नसते. जिंकल्यावरही सरकार वर दाद मागू शकतं, अंमलबजावणीसाठी पुन्हा अर्ज करावा लागू शकतो.

माझे थोरले काका असेच थांबले होते. फरक येणार म्हणून त्यांनी आधीच उधारी केली. पैसे आले तेव्हा काका नव्हते, काकूंनी सही केली. त्या उधारीचं व्याज फरकाच्या निम्म्यावर गेलं होतं. त्यामुळे या विषयात मी तटस्थ नाही, हे सांगून ठेवतो. सैनिकाने कागदासाठी इतकं थांबायला लागावं याचा मला राग येतो. पण त्या रागाच्या भरात घर गहाण पडायला नको.

एजंटाला नकार द्या. वकिलाने निकालावर अवलंबून फी ठरवणं किंवा मिळणाऱ्या पैशात वाटा मागणं बार कौन्सिलच्या नियमांना धरून नाही, आणि हा तर वकीलही नाही. ठरावीक फी लेखी सांगणारा, टप्प्याटप्प्याने घेणारा वकील शोधा. त्याआधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन मोफत कायदेशीर मदतीची चौकशी करा. जुलै २०२५ मध्ये वीर परिवार सहायता योजना जाहीर झाली, ती यासाठीच. न्यायाधिकरणात स्वतः उभं राहण्याचा हक्कही तुम्हाला आहे. लष्कराचे कागद इंग्रजीत, इथल्या कार्यालयाचे कन्नडमध्ये आणि आपला विचार मराठीत, यात आपली माणसं न वाचता सही करून बसतात. मुलगी शिकलेली आहे, प्रत्येक कागद तिच्याकडून वाचून घ्या.

तिच्या फीसाठी पंतप्रधान शिष्यवृत्ती आहे. माजी सैनिकांच्या मुलींना महिन्याला ३,००० म्हणजे वर्षाला ३६,०००, बारावीला किमान ६० टक्के हवेत, निवड गुणवत्तेवर होते. अर्ज पहिल्या वर्षालाच करायचा असतो, त्यामुळे तो या महिन्यात बघा.

सोसायटीतल्या ४ लाखांचीही मला काळजी वाटते. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, पतसोसायटीच्या ठेवीला तो नसतो. मुदत संपेल तसे पैसे बँकेत किंवा पोस्टात हलवा. एक वर्षाची फी आणि वकिलाचा खर्च हाताशी ठेवा, बाकीचे पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत. तिथे सध्या ७.४ टक्के मिळतात, म्हणजे दोन लाखांवर महिन्याला १,२३३ रुपये. ज्येष्ठ नागरिक योजना माजी सैनिकांना ५० व्या वर्षापासून खुली आहे, तुम्हाला अजून पाच वर्षं आहेत. विकलेली अर्धी पेन्शन पंधरा वर्षांनी, २०३८ मध्ये, पुन्हा सुरू होईल, तेव्हाच्या आधाराचा हिशेब आत्ता खर्चात धरू नका.

पेन्शनचं खातं पत्नीसोबत जोडखातं आहे का, स्पर्श या संरक्षण पेन्शनच्या पोर्टलवर तिची जन्मतारीख आणि नाव आधारप्रमाणे आहे का, हे तपासा. अपिलाची पोचपावती सापडली की तिच्यावरची तारीख मला कळवा. चार महिने नेमके कोणत्या दिवशी संपतात ते त्यावरून काढू.