सीएसएसमध्ये (वेबपानाचं रंगरूप ठरवणारी भाषा) लिंकच्या क्लासला लाल रंग दिला, तरी हेडरमधली लिंक निळीच का?

तुमचा लाल नियम फाइलमध्ये शेवटी आहे हे खरं, पण खालचा नियम जिंकतो तो वजन सारखं असेल तरच. वजन मोजायचं आयडी (एकाच घटकाचं खास नाव), क्लास (अनेक घटकांना देता येणारं नाव), टॅग (घटकाचा प्रकार, जसं लिंक) या क्रमाने. निळा नियम हेडरचा आयडी आणि आतली लिंक असा आहे, म्हणजे १-०-१. लाल नुसता क्लास, ०-१-०. डावीकडचा आकडा आधी बघतात. ११ क्लास जोडलेत तरी एक आयडी भारीच. (हातचा धरून बेरीज करू नका, मी केली होती!)

निळ्या नियमात आयडीऐवजी क्लास टाकूनही भागणार नाही, ०-१-१ होईल, म्हणजे लालपेक्षा भारीच. निळ्या नियमातला आयडी 'व्हेअर'च्या, म्हणजे :where() च्या, कंसात घाला, त्याचं वजन शून्य होतं. उरतं ०-०-१, लाल लागतो. 'इम्पॉर्टंट' (!important, वजन न बघता नियम जिंकवणारी खूण) शक्यतो नकोच. तो मोडायला पुन्हा इम्पॉर्टंटच लागतो.