डोळा, शार्क आणि पुलाखालच्या गाड्या

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

‘झोंबी २’ हा चालत्या प्रेतांचा भयपट बघताना होस्टेलवर सगळ्या हसून लोळल्या, असं लिहिलंयस. असला सिनेमा मी तुला का बघायला लावला, हेही विचारलंयस. हसलात त्याचं काही नाही, मात्र हसून झाल्यावर तू तो अर्ध्यात बंद केलास, ते मला लागलं. तुला संकलक व्हायचंय ना?

उणिवा आहेतच. नावसुद्धा उसनं. अमेरिकन दिग्दर्शक जॉर्ज रोमेरोचा १९७८ चा झोंबीपट इटलीत ‘झोंबी’ नावानं लागला, चालला, म्हणून इटालियन दिग्दर्शक लुचिओ फुल्चीच्या १९७९ च्या या सिनेमाला ‘२’ चिकटवलं. दोन्ही कथांचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही. संवाद नंतर डब केलेले, त्यामुळे ओठ एक बोलतात आणि कानावर दुसरंच येतं. कथा मध्येच रेंगाळते. शतकांपूर्वी पुरलेल्या स्पॅनिश शिपायांच्या हाडांवर अजून मांस कसं, याला उत्तर नाही. आणि प्रेत समोर मातीतून सावकाश उठत असताना ती बाई जागची हलत का नाही? तिथे मी दर वेळी चिडतो.

पण त्याच प्रेताचा चेहरा नीट बघ. रोमेरोची भुतं निळसर-करड्या चेहऱ्यांची, कालपर्यंत आपल्या शेजारी राहत असावीत अशी. मेकअप करणाऱ्या जानेत्तो दे रोस्सीनं रंगवलेलं हे प्रेत मात्र खरंच जमिनीतून उपसून काढल्यासारखं वाटतं. चेहऱ्यावर मातीची पुटं चढलेली, आणि डोळ्याच्या खोबणीत वळवळणाऱ्या अळ्या. कॅमेरा तिथून हटत नाही.

आता दाराचा प्रसंग. लाकडी पट्ट्यांचं दार फोडून हात आत येतो, अभिनेत्री ओल्गा कार्लातोसचे केस धरतो आणि तिला ओढायला लागतो. तुटलेल्या पट्टीची एक ढलपी तिच्या डोळ्याच्या रेषेत उभी आहे. फुल्ची एकदा डोळा दाखवतो, एकदा तिला दिसणारी ढलपी, पुन्हा डोळा. दर खेपेला अंतर थोडंच कमी होतं. आता तो नजर वळवेल, असं आपण धरून चालतो. तो वळवत नाही. शेवटी डोकं नकली आहे हे कळतं, तरी पोटात खड्डा पडायचा तो पडतोच. ब्रिटनमध्ये ऐंशीच्या दशकात ज्या व्हिडिओ कॅसेटींवर खटले झाले, त्यांत हा सिनेमा होता, याचं मला नवल वाटत नाही.

तुझ्या लघुपटातही दार आहे. तू मागच्या महिन्यात पाठवलेल्या तुकड्यात ते उघडेपर्यंत कितीतरी कट आहेत. प्रेक्षक कंटाळेल या धास्तीनं तू घाई केलीस. भीती अशी तुकड्यातुकड्यांत वाढत नाही गं. दोनच शॉट घे आणि त्यांच्यामध्ये अंतर कमी होऊ दे.

शार्कचा प्रसंगही पुन्हा बघ. समुद्राच्या तळाशी झोंबी कुठून आला, हे सिनेमा सांगत नाही. पण पाण्यात खरा शार्क आहे, आणि झोंबी झालेला रामोन ब्राव्हो तोंडात नळी नसताना, श्वास रोखून त्याला मिठी मारतोय. पटकथेतली भोकं कुणी बुजवली नसतील, तरी दे रोस्सीनं मातीत कसूर केली नाही, ब्राव्होनं श्वासात केली नाही आणि संगीतकार फाबिओ फ्रित्सीनं त्या जड, संथ ठोक्यांत केली नाही. वाईट सिनेमातली चांगली माणसं ओळखायला शीक. उद्या तुलाही असेच सिनेमे मिळतील, आणि तुझ्या वाट्याची वीस मिनिटं तुलाच सांभाळावी लागतील.

शेवट तू पाहिलाच नाहीस. न्यूयॉर्क झोंबींच्या हाती गेलं म्हणून रेडिओ ओरडतोय, ब्रुकलिन पुलाच्या पादचारी मार्गावरून झोंबींची रांग शहराकडे चाललीये, आणि त्यांच्याखालच्या रस्त्यावरून गाड्या नेहमीसारख्या धावतायत. ती चूकच आहे. मला मात्र त्या गाड्यांचीच जास्त भीती वाटते. आज रात्री तेवढं बघ.

दाराचा नवा कट झाला की पाठव. आवाज लावला नसलास तरी चालेल.

तुझा,
सर