‘आपण कुठल्या कोट्यात?’ आणि आणखी दोन प्रश्न

प्रश्न : माझी भाची अमेरिकेत पीएचडी संपवतेय, विषय तिकडचं राजकारण. आता एका युनिव्हर्सिटीने तिला इंटरव्ह्यूला बोलावलंय, पोस्टचं नाव ‘असिस्टंट प्रोफेसर, अमेरिकन पॉलिटिक्स, रेस अँड एथ्निसिटी’. घरात दोन तट पडलेत. आमचे हे म्हणतात ही काळ्या लोकांसाठीची राखीव जागा, आपल्या पोरीला नुसतं संख्या भरायला बोलावलंय. मी म्हणते भारतीयांचाही काहीतरी कोटा असेलच की. आणि इंटरव्ह्यू म्हणे दोन दिवस, त्यात जेवणंसुद्धा! तिला विचारलं तर म्हणते मावशी तू टेन्शन घेऊ नकोस. — एक मावशी, दांडिया बाजार

उत्तर : ताई, तुम्हीही चुकलात आणि हेही चुकले, तेव्हा भांडण बरोबरीत सोडवून टाका. पोस्टच्या नावातलं रेस अँड एथ्निसिटी हे उमेदवाराचं वर्णन नाही हो, विषयाचं आहे. आपल्याकडे जाहिरातीत राज्यशास्त्र, जागा १, आणि पुढे कंसात प्रवर्ग असतो ना, त्यामुळे आपला डोळा आधी कंसच शोधतो. तिकडे नोकरीत तसा कोटा नाही, १९६४ च्या सिव्हिल राइट्स ॲक्टप्रमाणे वंश बघून माणूस नाकारणं बेकायदा आणि वंश बघून घेणंही बेकायदा. जागा कोणालाही मिळू शकते, विषय यायला हवा.

विषय म्हणजे काय, तर मतदारसंघाच्या रेषा कोण कशा ओढतं, लॅटिनो (म्हणजे मूळ लॅटिन अमेरिकेकडच्या लोकांची) मतं खरंच एकगठ्ठा पडतात का, १९६५ च्या व्होटिंग राइट्स ॲक्टने काय बदललं आणि २०१३ ला सुप्रीम कोर्टाने शेल्बी काउंटीच्या केसमध्ये त्यातला दात कसा काढून घेतला (त्याआधी ठराविक राज्यांना मतदानाचे नियम बदलायचे तर आधी केंद्राची परवानगी लागायची, ती अटच निघून गेली) हे सगळं. आणि त्यात आपली माणसंही येतात बरं का! १९३० च्या जनगणनेत तिकडे रेसच्या रकान्यात ‘हिंदू’ असा एक प्रकार होता, मग माणूस शीख असो की मुसलमान. त्याच्या थोडं आधी, १९२३ ला, भगतसिंग थिंद नावाच्या पंजाबी माणसाला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो त्यात तुम्ही बसत नाही, म्हणून नागरिकत्व नाही. पुढे १९४६ ला कायदा बदलला तेव्हा कुठे भारतीयांना नागरिक होता यायला लागलं, आणि दहाच वर्षांनी, १९५६ ला, दलिपसिंग सौंद कॅलिफोर्नियातून थेट काँग्रेसवर, म्हणजे तिकडच्या संसदेवर, निवडून गेले. गंमत पुढेच आहे, १९७० च्या जनगणनेत भारतीयांना गोऱ्यांत धरलं आणि १९८० ला ‘एशियन इंडियन’ असा वेगळा चौकोन दिला. माणसं तीच, चौकोन बदलत गेले. तुम्ही विचारलेल्या कोट्याच्या प्रश्नावर तुमची भाची अख्खं सेमिस्टर शिकवू शकेल, विचारून बघा तिला.

आता दोन दिवसांचं. मी पूर्वी वर्षभर मिडवेस्टातल्या एका सरकारी युनिव्हर्सिटीत व्हिजिटिंग होतो तेव्हा असे तीन इंटरव्ह्यू मागच्या बाकावर बसून पाहिलेत. इथे माझा स्वतःचा इंटरव्ह्यू बारा मिनिटांत उरकला होता, त्यातली चार मिनिटं आडनावावरून मूळ गाव कुठलं यात गेली. तिकडे तसं नसतं. सकाळी नाश्त्यापासून सुरुवात, मग प्रत्येक प्राध्यापकाबरोबर अर्धा अर्धा तास, डीनची भेट, दुपारचं जेवण पीएचडीच्या विद्यार्थ्यांबरोबर (ते साधे दिसतात पण त्यांचंही मत विचारलं जातं), आणि मग मुख्य गोष्ट म्हणजे जॉब टॉक, म्हणजे आपल्या संशोधनावर पाऊण तास बोलायचं आणि नंतर तेवढाच वेळ लोक प्रश्नांनी सोलून काढतात.

पहिला मुलगा फार हुशार होता पण स्लाइड्स साठ, चाळिसाव्या मिनिटाला तो अजून आधी कोणी काय लिहिलंय हेच सांगत होता. एका म्हाताऱ्या बाईंनी शांतपणे विचारलं, तुमचं म्हणणं चूक असतं तर तुम्हाला आकड्यांत काय वेगळं दिसलं असतं? तो म्हणाला ते स्लाइड बावन्नवर आहे. संपलंच तिथे. दुसऱ्या मुलीने एकाच काउंटीचा (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) नकाशा लावला, एक मतदान केंद्र बंद झाल्यावर कोणत्या वस्तीला किती लांब जावं लागलं एवढंच दाखवलं, आणि खोलीतले सगळे पुढे वाकून बघायला लागले. जागा मात्र तिसऱ्यालाच मिळाली, का ते मला आजही कळलेलं नाही. पण भाचीला सांगा, तोच म्हातारीचा प्रश्न येणार, उत्तर आधी पाठ नको पण तयार ठेव.

रात्रीचं जेवण हाही इंटरव्ह्यूच, फक्त कोणी तसं म्हणत नाही. बोलता बोलता खाता येईल असं काहीतरी मागवावं, हाताला चिकटणारं नको, आपली सेव उसळ तिथे नाही ते एका अर्थी बरंच. लग्न झालंय का, मुलं किती, हे त्यांनी विचारायचं नसतं. तुम्ही मात्र फोनवर विचारणारच, माहितेय मला.

प्रश्न : मुलगा एमए राज्यशास्त्र, नेट पास. त्याला जात आणि अमेरिकेतला वंश यावर काम करायचंय. इथे बडोद्यात बसून हे जमेल का, आणि इथे अशी पोस्ट निघते का? — रावपुऱ्यातून एक काका

उत्तर : ‘अमेरिकन रेस पॉलिटिक्स’ अशी पाटी लावून आपल्याकडे बहुतेक जागा निघत नाही काका, जाहिरात राज्यशास्त्राची असते आणि हा विषय तौलनिक शासनाच्या पेपरातून शिकवायला मिळतो. नेट आहे तर असिस्टंट प्रोफेसरला अप्लाय करायला पात्र आहेच, जुलै २०२३ पासून थेट भरतीला पीएचडीची सक्तीही नाही, सुरुवातीचा बेसिक ५७,७०० रुपये. पण खरं सांगू का, पीएचडी नसलेला उमेदवार शॉर्टलिस्टच्या गुणांत मागे राहतो, तेव्हा पीएचडी करूच द्या.

बाकी बडोद्यात बसून जमेल का असं विचारता म्हणजे कमालच! या विषयाचं एक टोक आपल्या गावातच आहे. १९१३ ला सयाजीरावांच्या स्कॉलरशिपवर बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबियात गेले, आणि कराराप्रमाणे १९१७ ला बडोद्यात नोकरीला परत आले तर राहायला खोली मिळेना, पारशी धर्मशाळेतूनही लोकांनी बाहेर काढलं. कमाटीबागेत त्याच प्रसंगाची आठवण म्हणून संकल्पभूमी आहे, मुलाला एकदा तिथे घेऊन जा, सकाळी लवकर, नंतर पार्किंग मिळत नाही. पुढे १९४६ ला बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस या काळ्या अमेरिकन विचारवंतांना पत्र लिहिलं, अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी युनोकडे जो अर्ज केलाय त्याची प्रत मागितली, आणि डु बॉइसनी उत्तरही दिलं. त्या पत्रापासून सुरुवात करायला सांगा. फक्त जात म्हणजेच वंश असं समीकरण पहिल्याच पानावर मांडू देऊ नका, बाबासाहेबांनी स्वतः जातीला वंशाचा आधार आहे हे नाकारलंय, गाइड तिथेच धरेल.

प्रश्न : स्थळ आलंय. मुलगा अमेरिकेत ‘टेन्युअर ट्रॅक’ प्रोफेसर. पर्मनंट समजायचं ना? — एक आई, वाडी

उत्तर : नाही. टेन्युअर म्हणजे पर्मनंट होणं, आणि ट्रॅक म्हणजे रुळावर आहे, स्टेशन यायचंय. साधारण तिसऱ्या वर्षी एक परीक्षण, सहाव्या वर्षी फायनल, त्यात पुस्तक किंवा पेपर किती चांगले ते बाहेरच्या तज्ज्ञांना पाठवून विचारतात, आणि नाही म्हणाले तर बहुतेक ठिकाणी एक वर्ष देऊन निरोप. एक बरं आहे, युनिव्हर्सिटीच्या नोकरीचा एच-वन-बी (तिकडे काम करायचा व्हिसा) वर्षाला ८५,००० जागांच्या लॉटरीत अडकत नाही. मुलगा कितव्या वर्षाला आहे ते आधी विचारा, पाचव्या-सहाव्यात असेल तर साखरपुडा निकालानंतर ठेवा, त्या दिवसांत तो तुमच्याशी धड बोलणारही नाही.