फ्लटरमध्ये (गूगलचं ॲप बनवायचं टूलकिट) केलेल्या ॲपमध्ये लोडिंग डायलॉग बंद करताना कधीकधी पडदा काळा होतो किंवा ॲप क्रॅश होतं. कारण काय असावं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: 'सेव्ह' दाबल्यावर शो-डायलॉगने गोल फिरणारं चाक दाखवता, सर्व्हरचं उत्तर आलं की नॅव्हिगेटर-पॉप करून (नॅव्हिगेटर म्हणजे ॲपमधली पानं उघडणारा-काढणारा) ते बंद करता. तुमच्या फोनवर शंभरदा नीट चालतं. युजरकडे मात्र कधी अख्खं पानच गायब, कधी नुसता काळा पडदा, आणि डिबग बिल्डच्या (डेव्हलपरच्या तपासणीसाठीच्या ॲपच्या) लॉगमध्ये 'डीॲक्टिव्हेटेड विजेट'ची, म्हणजे पडद्यावरून गेलेल्या घटकाची, तक्रार. कोणीतरी माउंटेड (पान अजून जिवंत आहे का ते सांगणारी खूण) तपासायला सांगितलं, तेही केलंत, तरी थांबलं नाही.

हे दुखणं मी काढलंय. दूध संकलन केंद्रांसाठी एक ॲप करत होतो. सकाळी सहाला केंद्रावर रांग. फॅट आणि एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) टाकायचं, सेव्ह, पुढचा कॅन. आमच्या ऑफिसात वायफायवर उत्तर इतक्या पटकन यायचं की चाक दिसायचंही नाही. केंद्रावर नेटवर्कची जेमतेम एक दांडी. माणूस दोन सेकंद चाकाकडे बघायचा, वैतागून बॅक दाबायचा, आणि मग पुन्हा सेव्ह. चार दिवस आम्ही सर्व्हरवाल्यांशी भांडत होतो, आणि सर्व्हरचा काडीचाही दोष नव्हता.

गोम अशी आहे की फ्लटरमध्ये डायलॉग हा तुमच्या पानाचा भाग नसतो. तो स्वतंत्र राऊट असतो, पानांच्या चळतीवर ठेवलेलं आणखी एक पान. आणि पॉप म्हणजे 'माझा डायलॉग बंद कर' असं आपण मनात धरतो, पण नॅव्हिगेटरला ऐकू येतं ते एवढंच: 'वर जे काही असेल ते काढ.' युजरने बॅक दाबून डायलॉग आधीच काढला असेल तर पाच सेकंदांनी आलेला तुमचा पॉप खालचं पान काढतो. त्याखाली आणखी पान असेल तर युजर भलत्याच ठिकाणी पोचतो. नसेल तर चळत रिकामी आणि पडदा काळा. डिबग बिल्डमध्ये असर्ट (कोडमधल्या चुका पकडणाऱ्या तपासण्या) चालू असतात म्हणून निदान आरडाओरडा तरी होतो. युजरकडे जाणाऱ्या रिलीज बिल्डमधून असर्ट काढून टाकलेले असतात, त्यामुळे तिथे काहीच न बोलता सगळं रिकामं होतं. क्रॅश रिपोर्टात बऱ्याच घटना दिसतच नाहीत त्या यामुळे.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः बघा. नॅव्हिगेटर-ऑब्झर्व्हरचा (नॅव्हिगेटरने काय ठेवलं, काय काढलं ते कळवणारा) एक छोटा क्लास लिहा, डिड-पुश, डिड-पॉप आणि डिड-रिमूव्हमध्ये राऊटचं नाव छापा. शो-डायलॉगला राऊट-सेटिंग्ज देऊन डायलॉगला नाव द्या, नाहीतर लॉगमध्ये नुसतं 'नल' दिसेल. मग सेव्हच्या फंक्शनमध्ये पाच सेकंदांचा कृत्रिम उशीर टाका आणि चाक फिरत असताना बॅक दाबा. आम्हाला दिसलं ते हे:

पुश: संकलन-फॉर्म
पुश: सेव्ह-चाक
पॉप: सेव्ह-चाक
पॉप: संकलन-फॉर्म

चौथी ओळ बघून आमच्या टीममध्ये मिनिटभर कोणी बोललं नाही.

'बॅरियर-डिसमिसिबल फॉल्स केलंय की' असं म्हणाल. त्याने फक्त बाहेर टॅप करून बंद होणं थांबतं. अँड्रॉइडचं बॅक बटण त्याला जुमानत नाही. त्यासाठी डायलॉगच्या आत पॉप-स्कोप लावून कॅन-पॉप फॉल्स करावं लागतं. (जुन्या कोडमध्ये विल-पॉप-स्कोप दिसेल, ते आता डेप्रिकेटेड आहे.) पण युजरला असं कोंडून ठेवणं मला पटत नाही. रिक्वेस्टला टाइमआउट नसेल तर बिचारा ॲप मारूनच बाहेर पडणार.

माउंटेडबद्दल. कॉन्टेक्स्टवरचं (कॉन्टेक्स्ट म्हणजे विजेटांच्या झाडातली त्या विजेटची जागा) माउंटेड २०२३ च्या सुरुवातीला फ्लटर ३.७ मध्ये आलं, त्याआधी स्टेट क्लासवरचं होतंच. अवेटनंतर, म्हणजे उत्तराची वाट बघून झाल्यावर, ते तपासायलाच हवं. पान गेल्यावर त्याच्या कॉन्टेक्स्टवरून नॅव्हिगेटर शोधायला गेलात की डिबग बिल्डमध्ये तुमचा तो 'डीॲक्टिव्हेटेड विजेट'चा एरर येतो. पण माउंटेड सांगतं काय? पान जिवंत आहे, एवढंच. वर डायलॉग अजून आहे की नाही, हे ते सांगत नाही. युजरने फक्त डायलॉग बंद केला असेल तर पान जिवंतच असतं, तपासणी पास होते, आणि पुढच्याच ओळीत तुम्ही ते पान काढून टाकता.

खाली टॅबपट्टी असेल, म्हणजे गो-राऊटरचा (पानांच्या ये-जा साठीचं पॅकेज) शेल-राऊट किंवा स्वतः बसवलेला आतला नॅव्हिगेटर, तर आणखी एक घोळ. शो-डायलॉग स्वतःहून सगळ्यात बाहेरच्या, रूट नॅव्हिगेटरवर डायलॉग ठेवतं, आणि पानाच्या कॉन्टेक्स्टवरून केलेला पॉप जातो जवळच्या, म्हणजे आतल्या नॅव्हिगेटरकडे. डायलॉग जागच्या जागी, खालचं पान मात्र गायब. ओळखायची खूण सोपी: हे 'कधीकधी' होत नाही, टॅबमधल्या पानांवर दरवेळी होतं. ऑब्झर्व्हर दोन्ही नॅव्हिगेटरना लावा, पण एकच ऑब्जेक्ट दोघांना देऊ नका, वेगवेगळे बनवा.

आता उपाय. शो-डायलॉग सोडा आणि राऊट स्वतःच्या हातात ठेवा. अवेटच्या आधीच रूट नॅव्हिगेटर एका व्हेरिएबलमध्ये घ्या. डायलॉग-राऊटचं ऑब्जेक्ट बनवून तेही ठेवा, मग ते पुश करा. त्या पुशवर अवेट नको. सेव्हचं काम ट्रायमध्ये, आणि फायनलीमध्ये राऊटचं इज-ॲक्टिव्ह तपासून खरं असेल तरच रिमूव्ह-राऊटला तेच ऑब्जेक्ट द्या. आता 'वरचं काढ' असं मोघम काही उरलं नाही, 'हेच काढ' झालं. युजरने आधीच बंद केलं असेल तर काही होत नाही. मध्येच त्यावर दुसरा डायलॉग आला असेल तर त्याला धक्का लागत नाही. बंद होतानाचं ॲनिमेशन मात्र जातं. आमच्याकडे कोणाच्या लक्षातही आलं नाही. पुढच्या पानावर जायचं ते या सगळ्यानंतर, आणि तिथे माउंटेड तपासून.

सेशन संपल्यावर इंटरसेप्टरमधून (सर्व्हरची प्रत्येक रिक्वेस्ट आणि उत्तर मध्येच तपासणारा कोड) थेट लॉगिनवर पाठवत असाल तर तेही लॉग लावून बघा. गो-राऊटरमध्ये डायलॉग हा त्याच्याखालच्या पानाला बांधलेला असतो. ते पान गेलं तर डायलॉगही जातो. पण त्याच शेलमधल्या दुसऱ्या टॅबवर नेलंत तर रूटवर शेल तसाच राहतो, आणि जुनं चाक नव्या पानावर फिरत राहतं.

खरं सांगायचं तर लोडिंगसाठी मी आता डायलॉग वापरतच नाही. सेव्ह चालू असताना बटण डिसेबल, आणि त्याच्याच जागी छोटं चाक, सगळं स्टेटवरून. नॅव्हिगेटरचा संबंधच नाही, आणि अधीर बोटाने दोनदा दाबून दोन डायलॉग उघडणं किंवा एकच नोंद दोनदा जाणंही बंद होतं. 'डिलीट करू का?' विचारायला डायलॉग ठीक आहे. तिथे युजरच उत्तर देतो आणि बटण डायलॉगच्या स्वतःच्या कॉन्टेक्स्टवरून पॉप करतं.

हे करूनही काळा पडदा आला तर ऑब्झर्व्हरच्या शेवटच्या दहा-बारा ओळी आणि राऊटरची मांडणी इथेच टाका, बघतो.