जेंट (खूप खाली उतरवलेल्या गिटारवरचं, तुटक ठेक्यांचं मेटल) वाजवताना तार फडफडते, त्याचं काय?

प्रश्न: सहा तारांच्या, 25.5 इंच स्केलच्या (म्हणजे तारेच्या वाजणाऱ्या लांबीच्या) गिटारवर ड्रॉप ए लावलंय, म्हणजे सर्वांत जाड तार ए सुरापर्यंत उतरवलीय. तारांचा सेट 10-46, म्हणजे 0.010 ते 0.046 इंच जाडीचा. जाड तार फडफडते, पाम म्यूट केलं (तळहाताची कड तारांवर टेकवून वाजवलं) की नुसता गाळ होतो. अ‍ॅम्पचा गेन (आवाज फाडण्याचं प्रमाण) वाढवूनही फरक नाही. आठ तारांची गिटार घ्यावीच लागेल का?

उत्तर: नाही, आधी तार बदला. 0.046 ची तार 82 हर्ट्झच्या ईवरून 55 हर्ट्झच्या एवर उतरवली की तिचा ताण निम्म्याहूनही कमी होतो. मग पिक जोरात बसला की सूर क्षणभर चढतो आणि पुन्हा उतरतो. ट्यूनरचा काटाच ते दाखवेल. 0.062 किंवा 0.064 ची तार लावा. नटची (मानेच्या टोकाला तारा जिथे टेकतात त्या पट्टीची) खाच मात्र कानशीने रुंद करून घ्या, नाहीतर तार वरच अडकून राहील आणि पहिल्या दोन-तीन फ्रेटांवर सूर चढे लागतील. मग बाराव्या फ्रेटचा हार्मोनिक (तार न दाबता नुसती शिवून निघणारा सूर) आणि दाबलेला सूर ताडून बघा. दाबलेला चढा असेल तर सॅडल (ब्रिजवरचा तारेचा टेकू) मागे सरकवा.

गेन वाढवणं हाच इथे रोग आहे. गेन चढला की पिकचा आघात दबतो, आणि जेंटमध्ये तर सगळी मजा त्या आघातातच. गेन अर्ध्याच्या आसपास ठेवा. अ‍ॅम्पच्या आधी ट्यूब स्क्रीमर हे ओव्हरड्राइव्ह पेडल जोडा: ड्राइव्ह शून्य, लेव्हल पूर्ण. तो खर्ज आधीच छाटतो, म्हणून गिचमिड होत नाही. नॉइज गेट (ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारं यंत्र) वापरत असाल आणि त्याचा थ्रेशोल्ड, म्हणजे ती पातळी, फार वर नेलात तर लांब सूर मध्येच तुटतील.

मेशुगा या स्वीडिश मेटल बँडसारखं एफपर्यंत उतरायचं असेल तर गोष्ट वेगळी. इबानेझच्या एम8एमची, म्हणजे मेशुगाच्या आठतारी मॉडेलची, स्केल 29.4 इंच आहे, ती उगाच नाही: लांब तार इतकी उतरवूनही ताठ राहते.

प्रश्न: जेंटचे रिफ (पुन्हा पुन्हा येणारे गिटारचे तुकडे) मोजताना सम हरवते. कसं मोजायचं?

उत्तर: रिफ मोजू नका, झांज मोजा. मेशुगाचे ड्रमर टोमास हाके बहुतेक वेळा झांजेवर साधा चारचाच ठेका धरतात. समजा रिफ सात सोळांशांचा आहे (चार मात्रांच्या एका बारमध्ये 16 सोळांश). चार बारमध्ये 64 सोळांश. रिफ नऊ वेळा वाजला की 63 होतात. उरलेला एक शेवटच्या फेरीला जोडायचा, की पुढच्या बारला बरोबर समेवर. चूक होते ती पायाची: तो रिफमागे जाऊ लागतो. मेट्रोनोम 60 वर लावा, पायाने मात्रा धरा आणि रिफ आधी तोंडाने म्हणा. पाय ढळेनासा झाला की मगच गिटार हातात घ्या.