अनुभवाचा दाखला मेहुण्यांकडून?

बार्शीहून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगा 2020 चा मेकॅनिकल इंजिनिअर. मग चार वर्षं पुण्यात सदाशिव पेठेत राहून एमपीएससी केली. दोनदा पूर्व निघाली, मुख्यला अडकला. आता चाकणच्या एका कंपनीत मुलाखत आहे. मेहुण्यांचं भोसरीत वर्कशॉप आहे आणि ते तीन वर्षांच्या अनुभवाचा दाखला द्यायला तयार आहेत. मुलगा नको म्हणतो. 'त्याला जरा समजवा,' असं वडील लिहितात.

साहेब, समजवायचं तर तुम्हालाच. दोन पानी पत्रात 'वाया गेली' पाच वेळा आलंय. लग्नाच्या बायोडेटातही तुम्ही 'खासगी नोकरी' लिहून टाकलंय. गॅपची लाज त्याला नाही, तुम्हाला वाटतेय. आणि ती झाकायला खोटं मात्र त्यानं बोलायचं!

'दहा माणसांचं वर्कशॉप, पीएफ नाही, कोण तपासणार?' असं तुम्ही विचारता. वीसपेक्षा कमी माणसं असली की पीएफ सहसा लागू होत नाही, हे खरं. पण पडताळणी पीएफवर थांबत नाही. पगाराच्या स्लिपा मागतात, बँकेचं स्टेटमेंट मागतात. त्यात पगार कुठे दिसणार? दिसतील ते दर महिन्याला तुमच्या खात्यातून आलेले पैसे आणि मेसवाल्याला गेलेले. शिवाय तीन वर्षं व्हीएमसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या कटिंग मशीनवर, काम केल्याचं सांगणाऱ्या पोराला 'टूल ऑफसेट कसा घेतोस?' एवढं एकच विचारलं, तरी मुलाखत तिथंच संपते. समजा, निभावलं. नेमणूकपत्रात कलम असतंच: माहिती खोटी निघाली तर कधीही काढू. मेहुण्यांशी उद्या बिनसलं तर?

रेझ्युमेत सरळ लिहा: '2020 ते 2024, राज्यसेवा परीक्षेची पूर्णवेळ तयारी, दोनदा मुख्य परीक्षेसाठी पात्र.' पुण्यात एचआरवाल्यांना हे नवं नाही. त्यांच्यातलेही काही त्याच अभ्यासिकांत बसून आलेत. काही कंपन्या फ्रेशर भरतीत पदवीच्या वर्षाची अट घालतात, ते दार बंदच समजा. पगार फ्रेशरचाच मिळेल. वर्गमित्र चार वर्षं पुढे असतील, हे बोचेल.

हात बसायला संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूममधल्या सीएनसीच्या (अशाच संगणकावर चालणाऱ्या मशीनच्या) अल्पमुदतीच्या कोर्सची चौकशी करा. मेहुण्यांना मदतच करायची असेल तर पोराला आजपासून खरोखर मशीनवर उभं करू देत. त्याचा दाखला मी डोळे झाकून चालवून घेईन.

मुलाखत मंगळवारी आहे ना? सोमवारी रात्रीचा फोन त्याच्या आईला करू द्या.