उतरलेलं वजन परत का चढतं? जिद्दीपेक्षा भुकेकडे बघा

"आठ महिन्यांत १४ किलो उतरवले, वर्षभरात ११ परत आले. जिमवाले म्हणतात मेटाबॉलिझम (शरीराची कॅलरी जाळण्याची क्रिया) बिघडलं, घरचे म्हणतात जिद्द नाही," असं तुम्ही लिहिलंय. दोन्ही गोष्टी मनातून काढून टाका. बाळंतपणानंतर मीही यातून गेले आहे. रात्री साडेदहाला ओट्यापाशी उभं राहून उरलेला भात खायचा आणि मग रडायचं, असं वर्ष काढलंय.

मेटाबॉलिझमचा धसका लोकांनी घेतला तो अमेरिकेतल्या 'द बिगेस्ट लूजर' या वजन उतरवण्याच्या टीव्ही स्पर्धेवरून. संशोधक केविन हॉल यांच्या गटाने त्यातल्या १४ जणांना सहा वर्षांनी पुन्हा तपासलं. सरासरी ५८ किलो उतरले होते, त्यातले ४१ परत आले होते आणि शरीर अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होतं. २०१६ साली याच्या बातम्या सगळीकडे झाल्या. पण त्यातली एक गोष्ट कुणी सांगत नाही. ज्यांनी वजन जास्त राखलं, त्यांचंच मेटाबॉलिझम जास्त मंदावलेलं होतं! म्हणजे नुसतं तेवढ्याने वजन परत येत नाही.

खरा जोर भुकेचा. हॉल यांच्याच हिशोबाने उतरलेल्या दर किलोमागे शरीराचा खर्च रोज २०-३० कॅलरींनी घटतो, पण खाण्याची ओढ सुमारे १०० कॅलरींनी वाढते. किलोमागे एक पोळी धरा. दहा किलो उतरले की रोज आधीपेक्षा दहा पोळ्या जास्त खाण्याची ओढ. आणि ती लवकर शमत नाही. मेलबर्नच्या २०११ च्या अभ्यासात लोकांनी दहा आठवड्यांत सरासरी साडेतेरा किलो उतरवले होते. वर्षानंतरही त्यांचं भूक वाढवणारं हार्मोन घ्रेलिन चढलेलं, भूक आवरणारं हार्मोन लेप्टिन उतरलेलं आणि भूक डाएटच्या आधीपेक्षा जास्तच होती. भूक कमी करणारी सेमाग्लुटाइडची इंजेक्शनं बंद केलेल्यांचं उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश वर्षभरात परत आलं, तेही बहुधा भूक परतल्यामुळे.

म्हणून आता पुन्हा उपाशी राहू नका. स्पर्धेतल्या त्याच १४ जणांत वजन राखणाऱ्यांची हालचाल आधीपेक्षा १६० टक्क्यांनी वाढलेली होती, बाकीच्यांची ३४. मलाही रोजच्या तासभर चालण्यानेच तारलं. सुरुवातीला तीन-चार किलोच उतरवा आणि ते सहा महिने टिकवा.

तुम्हाला भूक नेमकी केव्हा अनावर होते, दिवसभरात चालणं किती होतं, थायरॉइड तपासलंय का, एवढं लिहा. मग जेवणाच्या वेळांचं बोलू.